अंबाजोगाई ते मालवण: दिवस पाण्याच्या वेळेनं लावा

ताई, तुम्ही विचारलंय ते असं: दिवाळीनंतर पाच दिवस हाताशी आहेत, अंबाजोगाईहून घरच्या गाडीनं निघायचंय. बरोबर सत्तरीच्या माळकरी सासूबाई, आठ आणि तेरा वर्षांची दोन मुलं, तुमचे मालक आणि धाकटे दीर. समुद्र कुणीच पाहिलेला नाही. मालवण-तारकर्ली झेपेल का, स्कुबा (हवेची टाकी पाठीला लावून पाण्याखाली उतरणं) करावी का, आणि सासूबाईंच्या जेवणाचं काय करायचं?

मी लातूरचा. अठरा वर्षं झाली, आपल्या भागातली कुटुंबं घेऊन मालवणला जातोय. आधी कमांडर जीप होती, आता टेम्पो ट्रॅव्हलर आहे. झेपेल, नक्की झेपेल. फक्त पाचाचे सहा दिवस करा. सहावा दिवस काढता येत नसेल तर दीड दिवस समुद्र आणि साडेतीन दिवस गाडी असा व्यवहार होईल, आणि मग मुलं घाटातल्या उलट्याच लक्षात ठेवतील.

रस्ता सरळ आहे. लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर. कोल्हापूरपर्यंत साधारण सव्वाचारशे किलोमीटर. पहाटे चारला निघालात तर जेवणखाण धरून दुपारी दोन-तीनपर्यंत पोचाल. तिथंच मुक्काम करा. पुढं राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली करत मालवण दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण त्याला चार तास लागतात. आपल्याकडच्या ड्रायव्हरला घाटाची सवय नसते आणि पहाटेपासून चाक धरलेला माणूस संध्याकाळी फोंड्याच्या वळणांवर नको. तुळजाभवानी आणि अंबाबाई दोन्ही वाटेवर आहेत म्हणून सासूबाई जाताना दर्शनाचा आग्रह धरतील. त्यांना आत्ताच सांगून ठेवा की दर्शन येताना. जाताना रांगेत तीन तास गेले की सगळं गणित बिघडतं. रेल्वेनं जायचं तर पनवेल-नांदेड गाडीनं लातूरहून पनवेल आणि तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ, पण एवढ्या सामानासकट आणि म्हातारं माणूस बरोबर असताना मी ते सुचवणार नाही.

आता मुख्य गोष्ट. आपण कोरड्या मुलखातली माणसं सहल घड्याळावर आखतो. आठला नाष्टा, नऊला किल्ला, अकराला बीच, पाचला परत बीच. मालवणात हे चालत नाही, कारण तिथलं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि रोज साधारण पाऊण तास उशिरा येतं. आज सकाळी नऊला जिथं वाळू होती तिथं चार दिवसांनी त्याच वेळी कमरेएवढं पाणी असतं.

हे मी फुकट शिकलो नाही. दुसऱ्याच खेपेला देवबागच्या बाजूला वाळू चांगली घट्ट दिसली म्हणून जीप थेट खाली नेऊन लावली. मंडळी फिरायला गेली, मी झाडाखाली आडवा झालो. तासा-दीड तासानं उठून बघतो तर लाट मागच्या चाकाला चाटून जातेय, आणि प्रत्येक लाटेगणिक चाकाखालची वाळू निसटून जीप बोटभर खाली बसतेय. चालू करून रेस दिली तर आणखी रुतली. शेवटी रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारी, पंधरा-वीस माणसं धावत आली, दोर बांधला आणि त्यांच्या त्या लयीत हाळी देत ओढून काढली. पैसे घेतले नाहीत. एक म्हातारा एवढंच म्हणाला की गाडी लावण्याआधी वाळू ओली आहे का कोरडी, ते तरी बघायचं. ओल्या वाळूवर, म्हणजे जिथपर्यंत पाण्याची रेघ आणि शेवाळ-शिंपल्यांचा कचरा दिसतो त्याच्या खाली, चाकच न्यायचं नाही. आणि घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या, नाहीतर मीठ पत्रा खातं.

त्याच म्हाताऱ्यानं मला पंचांगाचा हिशोब शिकवला. तिथी घ्यायची, तिला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. जे येईल ती भरतीची वेळ, दुपारची आणि रात्रीचीही. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, म्हणून पक्की वेळ बंदरावर होडीवाल्याला विचारायची, पण घरी बसून बेत आखायला हा हिशोब पुरतो. सासूबाईंना एकादशीसाठी पंचांग लागतंच, त्यांच्याकडंच हे काम द्या.

तुमच्यासाठी मांडून दाखवतो. भाऊबीज करून तृतीयेला पहाटे निघा. चतुर्थीला दुपारी मालवण. त्या दिवशी भरती तीनच्या सुमारास, म्हणजे जेवून दोनला किनाऱ्यावर गेलात तर पाणी चढतं आहे. मुलांना पहिली ओळख करून द्यायला हीच वेळ बरी. पंचमीला ओहोटी साडेनऊच्या आसपास, भरती पावणेचारला. षष्ठीला त्याहून पाऊण तास पुढं. सप्तमीला सकाळी परतीची वाट, रात्री कोल्हापूर, अष्टमीला दर्शन घेऊन घर. दिवाळीच्या सुट्टीत खोल्या भरलेल्या असतात, तेव्हा जागा आधी ठरवा. तुळशीच्या लग्नानंतर गर्दी ओसरते आणि नाताळापासून पुन्हा वाढते. पण मुलांची शाळा बघता तुम्हाला दिवाळीच धरावी लागेल.

मुक्काम कुठं? सगळे तारकर्ली म्हणतात. तुम्ही मालवण गावातच चिवला किनाऱ्याजवळ राहा. तिथं किनाऱ्याला वळण असल्यामुळं पाणी तारकर्लीपेक्षा शांत असतं, बाजार आणि दवाखाना जवळ, आणि सासूबाई एकट्याही दारात खुर्ची टाकून समुद्र बघू शकतात. तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर आहे, गाडी आहेच. "निवास न्याहारी" अशी पाटी असलेली घरं बघा. घरचे लोक तिथंच राहतात, हाक मारली की ओ देतात. फोनवर दोन गोष्टी विचारायच्या: कमोड आहे का, आणि खोली तळमजल्यावर आहे का.

पाण्यात उतरण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या माणसांची चूक इथं ठरलेली आहे. तुमच्या दिरांना विहिरीत पोहता येत असेल. पाठीला डबा बांधून शिकले असतील, वरून सूरही मारत असतील. असाच माणूस समुद्रात आधी सापडतो. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. समुद्रात आलेली लाट परत जाताना कुठून तरी वाट काढते, आणि त्या वाटेवर पाणी आत खेचतं. ही जागा दिसायला फसवी असते. दोन्हीकडं फेस फुटतोय आणि मधल्या पट्ट्यात लाटच फुटत नाही, पाणी जरा गडद आणि निवांत दिसतं. माणूस म्हणतो, इथं बरंय. तीच खेचीची जागा. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडं तोंड करून झटापट करायची नाही, दमून बुडतो माणूस. किनाऱ्याला समांतर आडवं पोहायचं, पट्टा संपला की लाटाच बाहेर आणतात. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करून हाका मारायच्या. पाणी उतरत असताना ही ओढ वाढते, म्हणून मी माझ्या माणसांना चढत्या पाण्यातच भिजू देतो आणि भरती फिरली की बाहेर काढतो. गुडघ्यापर्यंत मुलं, कमरेपर्यंत मोठी, त्यापुढं कुणी नाही. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या सहलीतले आठ जण बुडाले. ती तरणी पोरं होती. किनाऱ्यावरचा कोळी "थंय जावू नको" म्हणाला तर वाद घालत बसू नका.

पंचमीला सकाळी नऊला, पाणी उतरलेलं असताना, मोरयाच्या धोंड्याकडं जा. किनाऱ्यावरच्या या खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ ला सिंधुदुर्गाच्या कामाचा मुहूर्त इथंच पूजा करून झाला. समोर कुरटे बेटावर किल्ला दिसतो. धोंड्यावर उभं राहून मुलांना तो दाखवा आणि मग अकराच्या सुमारास बंदरावरून होडी घ्या. अकरा मुद्दाम सांगतोय. पाणी फार खाली असताना होडी खाली जाते आणि धक्क्याची पायरी उंच पडते, म्हाताऱ्या माणसाला दोघांनी उचलून घ्यावं लागतं. पाणी थोडं चढलं की पाऊल सहज पडतं. दुपारनंतर वारा सुटतो आणि होडी हलते, त्याच्या आत परत यायचं. लाइफ जॅकेट सासूबाईंनाही घालायचं, नऊवारीवरून नीट बसतं, मी कितीदा तरी बांधून दिलंय.

किल्ला सुमारे ४८ एकरांचा, तट जवळजवळ तीन किलोमीटर. सगळा फिरायचा मोह नको. होडीवाला साधारण तासाभराची मुदत देतो आणि ती खरी असते. होडी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठं आहे ते कळतच नाही, तटाच्या वळणात लपवलाय. काम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झालं, पायात शिसं ओतलं आणि १६६७ ला ते पुरं झालं. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. शिवाजी महाराजांची दाढी नसलेली बैठी मूर्ती आपण कॅलेंडरवर बघतो तशी नाही, मुलं बुचकळ्यात पडतात. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसेही दाखवतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदवले, त्यात हा आहे.

पण आपल्या माणसांनी जिथं थांबायचं ती जागा वेगळी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. पावसाचं पाणी बेटाच्या पोटात मुरतं, खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून त्याच्या वरच राहतं, असा त्याचा साधा हिशोब आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या लातूरला पाणी आलं, तेव्हा स्टेशनवर गर्दी करून वाघिणी बघणाऱ्यांत मीही होतो. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात औशाकडची काही म्हातारी माणसं घेऊन गेलो होतो. त्यातल्या एका आजीनं तट बघितला नाही, मंदिरात हात जोडले आणि पाऊण तास साखरबावेच्या काठावर बसून राहिल्या. मुदत संपली म्हणून बोलवायला गेलो तर म्हणाल्या, "इतकं पाणी भवती असून यांनी हिर खंदलीच की." सासूबाईंना तिथं वेळ द्या, तटावर मुलांना दीर फिरवतील.

स्कुबा. कोण करणार ते आधी ठरवा. आठ वर्षांच्या लेकराला नाही, कुणी "चालतंय" म्हटलं तरी नाही. तेराचा मुलगा पाण्याला घाबरत नसेल तर करू शकतो. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काही असेल तर नको, आणि साधी सर्दी असेल तरी त्या दिवशी नको. कारण खाली गेलं की कानावर दाब येतो. दहा मीटरवर तो वरच्या दुप्पट असतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कान सुटतो. नाक चोंदलेलं असेल तर सुटत नाही आणि पडद्याला इजा होते. दुसरा नियम, श्वास कधी रोखून धरायचा नाही, वर येताना तर नाहीच. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक हात धरूनच नेतो. चष्मा आत चालत नाही. आणि तुमच्या मालकांना किंवा दिरांना भरघोस मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी शिरत राहतं. नाकाखालची वरची कड थोडी कातरावी लागते. या एका कारणावरून उदगीरच्या एका पाहुण्यांनी स्कुबा रद्द केली होती, मिशी राखली.

पहिल्यांदाच करताय तर ज्याच्याकडं उतरण्याआधी उथळ पाण्यात सराव करून घेतात, तब्येतीचा कागद भरून घेतात आणि एका माणसामागं एक प्रशिक्षक देतात, तिथंच करा. बाजारात बोट दाखवून "चारशे कमी देतो" म्हणणाऱ्याकडं नको. एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, तारकर्लीत स्कुबाची स्वतंत्र संस्था आहे, तिथं शिकवण्याची पद्धत बघितली की बाकीच्यांना काय विचारायचं ते कळतं. सकाळची वेळ घ्या, वारा नसतो, पाणी स्वच्छ. खाली इंटरनेटवरच्या फोटोंसारखं निळं काही दिसेल ही अपेक्षा नको. हिरवट पाणी, खडक, प्रवाळ, पट्ट्यापट्ट्यांचे मासे आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज. मला तरी तेवढं पुरतं. कशालाही हात लावायचा नाही, मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. परतीला विमान असेल तर मध्ये किमान १८ तास जाऊ द्या. तुम्हाला तो प्रश्न नाही.

बोटीत चढताना माणसं मोजा. जास्त भरली असेल तर उतरून पुढच्या बोटीची वाट बघा. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबाचे पर्यटक घेऊन परतणारी बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागतो, पावसाळ्यात तर हे सगळं बंदच असतं, म्हणून मी १५ मे नंतर कुणालाच नेत नाही.

षष्ठीला देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. सकाळी लवकर बोटीनं गेलं तर डॉल्फिन दिसतात, बहुतेक वेळा. दिसतीलच असं पैसे घेताना सांगणाऱ्यावर विश्वास नको. दहाच्या ओहोटीला त्सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा दांडा उघडा पडतो, मुलांना घोट्याएवढ्या पाण्यात खेळायला तो उत्तम. पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड वगैरे तिथंच. बनाना राइडमध्ये शेवटी मुद्दाम पालथं पाडतात, हे आधी माहीत असलेलं बरं.

आता जेवण. सासूबाई माळकरी आहेत हे घर ठरवतानाच सांगा. "व्हेज मिळतं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "मासळीची भांडी वेगळी आहेत का" असं विचारा. शाकाहारी मालवणी जेवण आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार चांगलं आहे: काळ्या वाटाण्याचं सांबार, घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी, सोलकढी. ज्वारीची भाकरी मात्र विसरा. दोन दिवसांनी सासूबाईंचं तोंड कडू होईल, म्हणून दशम्या, धपाटे आणि कारळाची चटणी बांधून न्या. दशमी दुधात भिजवलेली असली तर तिथल्या दमट हवेत दुसऱ्याच दिवशी आंबते, त्या आधी संपवा. सगळ्यांनाच पहिल्या दिवशी नारळाचं जेवण बेतानं वाढा. आपल्या पोटाला शेंगदाण्याच्या कुटाची सवय, ओल्या खोबऱ्याची नाही. आणि हवा आपल्यापेक्षा थंड वाटली तरी घाम जास्त जातो, पाण्यात मीठ-साखर घालून पाजत राहा.

बाकीचे खाणार असतील तर सुरमईच्या तुकडीपासून सुरुवात करा. मधला एकच मोठा काटा, मुलांनाही जमतं. बांगड्याला चव जास्त, काटेही जास्त. कर्ली मासा पहिल्या खेपेला मागवू नका, नुसते काटे. आमटीत हिरवट-काळी फळं दिसतील, ती तिरफळं, बाजूला काढायची. चावलीत तर जीभ बधिर होते. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघा. मोंढ्यात सोयाबीनचा सौदा बघितलेल्या माणसाला ती भाषा पाच मिनिटांत कळते. पहाटे चिवल्यावर रापण ओढताना दिसली तर दिरांना आणि मुलांना दोराला हात लावायला सांगा, कुणी नको म्हणत नाही. दोन टोकांनी दोर ओढत अर्धगोल जाळं किनाऱ्याला येतं आणि शेवटच्या दहा हातांत पाणी अचानक रुपेरी होऊन उसळतं. तुमच्या आठ वर्षांच्या लेकराला स्कुबा न मिळाल्याचा राग तिथं जाईल.

वेळ उरला तर धामापूरचा तलाव आणि काठचं भगवतीचं देऊळ सासूबाईंसाठी. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या बघायला मिळतात. रात्री जवळपास कुठं दशावताराचं नाटक असेल तर जरूर बसा, आपल्या भारुडाची माणसं त्यात लगेच रमतात. मात्र खरा हंगाम कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो, तुम्ही जाल तेव्हा मिळाला तर नशीब. घरमालक कोकणस्थ असतील आणि तुम्ही अंबाजोगाईचे म्हटलं की "आमची कुलदेवता योगेश्वरी" असं म्हणून चहा वाढेल. जाताना देवीचा कुंकवाचा प्रसाद दोन-चार पुड्या घेऊन जा, तिथं त्याला मोल आहे.

एक राहिलं. सासूबाईंसाठी मागून पट्टा असलेली रबरी चप्पल अंबाजोगाईतच घ्या आणि आठ दिवस आधी घरात घालायला लावा. साधी स्लीपर ओल्या वाळूत रुतून पाय निसटतो, आणि किल्ल्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं.